ओटीपी मिळणार नाही

डेपोत तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे बेलबाई म्हणायचे. कंडक्टरने एकदा घंटी मारली की बस थांबते, दोनदा मारली की निघते. आणि हिच्या दोन घंट्या अशा ठणठणीत असायच्या की ड्रायव्हर म्हणत, आम्ही गाडी सोडत नाही, ती घाबरून आपणहून पुढे जाते. भांडणातही बाईचं तेच. एकदा बोलून गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

एका सकाळी ब्रेक जोरात लागला आणि ती फूटबोर्डवरून खाली आली. खुबा मोडला. आत लोखंडी पट्टी बसली, काखेत कुबडी आली आणि उभ्याने करायचं काम कायमचं संपलं. वरिष्ठांनी मोठ्या मनाने तिला प्रवाशांच्या तक्रारी घ्यायच्या कक्षात बदली दिली. कक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जमत असेल तर या, नसेल तर राजीनामा द्या, असं सरळ बोलायची हिंमत कुणात नव्हती. म्हणून कागदावर 'सोयीनुसार रुजू व्हावे' असं लिहिलं.

बेलबाई रोज कामाच्या वेळेला त्या जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसू लागली. वर जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला विचारायची, "साहेब, वर चाललाय ना? माझ्या टेबलावर धूळ बसली असेल, तेवढी झटका." कुणी हसायचं, कुणी मान खाली घालून दोन-दोन पायऱ्या ओलांडायचं. शेवटी साहेबलोक मागच्या दाराने ये-जा करायला लागले आणि बेलबाईने खुर्ची उचलून मागच्या दाराशी नेली. तेव्हा कुठे वाहतूक नियंत्रकाने तिला घरून काम करायची परवानगी दिली. कंप्युटर दिला, कानाला लावायचा फोन दिला, आणि वर म्हणाला, "हे प्रायोगिक तत्त्वावर आहे, बाई."

प्रायोगिक म्हणजे काय, हे तिला शाळेत शिकवलेलं नव्हतं, पण नोकरीने शिकवलं होतं. पडलात तर 'आम्ही म्हणालोच होतो' असं म्हणायची सोय. आणि तिच्यामागे आणखी माणसं उभी होती. पाठीचा मणका सरकलेला एक कंडक्टर, एका डोळ्याने दिसेनासं झालेला एक ड्रायव्हर. तिचं जमलं तर त्यांना कंप्युटर मिळणार, तिचं फसलं तर तिघांनाही घरचा रस्ता.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा डेपोच्या वर्कशॉपमध्ये, दिवसभर बाहेर. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला बेलबाईचं टेबल आणि दुसऱ्या भिंतीला तिच्या नणंदेचं शिलाई मशीन. नणंद लग्न मोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. परकर, पिशव्या, पडदे शिवते आणि तोंडात टाचण्या धरूनही टोमणे मारू शकते. बेलबाई फोनवर बोलायची, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," की पलीकडून मशीन थांबायचं आणि आवाज यायचा, "वहिनी, जन्मात एकदा मला पण असं म्हणा की."

"वन्सं, तुम्ही आधी तिकीट काढा, मग तक्रार करा."

काम उत्तम चाललं होतं. कुणाची छत्री राहिली, कुणाची बस आलीच नाही, कुणाला कंडक्टरने सुटे दिले नाहीत. बेलबाईला सगळे मार्ग तोंडपाठ. पण ऊन चढू लागलं तसं दुपारी इंटरनेट जायला लागलं. सकाळी झकास, संध्याकाळी झकास, मध्येच दुपारी मोडेमचा एक दिवा लुकलुकायला लागायचा आणि बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात नाहीसा व्हायचा.

तिने केबलवाल्या कंपनीला फोन लावला. आधी संगीत. मग मशीनने सांगितलं की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक मुलगी आली. "मॅडम, मोडेम बंद करून पुन्हा चालू करता का?"

"केला."

"वायर काढून पुन्हा घट्ट बसवता का?"

"बसवली. बाई, तुझ्यासमोर जो कागद चिकटवलाय ना, तसलाच माझ्यासमोर पण आहे. त्यातली शेवटची ओळ वाच. 'माणूस पाठवतो.'"

 मग मुलगी हळूच हसली आणि म्हणाली, "माणूस पाठवते, मॅडम."

माणूस आला. सकाळी आला, कारण त्या भागात कंपनी सकाळीच माणसं पाठवते. सकाळी सगळं ठीक असतंच. त्याने मोडेम बदलला, फोनवर 'समस्या सुटली' असं दाबलं आणि गेला. दुपारी दिवा लुकलुकला. दुसरा आला, तोही सकाळीच. त्याने खोलीभर नजर फिरवली, शिलाई मशीनकडे बोट दाखवलं आणि तक्रारीखाली लिहिलं, 'शिलाई मशीनच्या मोटरमुळे अडथळा.'

झालं, नणंद पेटली. "माझं मशीन? या मशीनवर मी तुझ्या कंपनीच्या साहेबांचे पडदे शिवलेत." तो केव्हाच निघून गेला होता, तरी ती त्याच्या नावाने दारातून बोलत होती. मग तिने मशीनची वायर भिंतीतून उपटली आणि हट्टाने आठवडाभर हातशिलाई केली. बोटं सुईने चाळण झाली. दुपारचं इंटरनेट रोज गेलं. आठवडा संपल्यावर तिने मशीन परत सुरू केलं आणि जाहीर केलं, "माझं मशीन निर्दोष सुटलंय. आता खऱ्या चोराला पकडा."

आणि त्याच सुमारास तो फोन आला. एक बाई घाबरून बोलत होती. तिचे वडील चुकीच्या बसमध्ये बसले होते, त्यांना अलीकडे काही आठवत नाही, एवढ्या उन्हातही अंगात राखाडी स्वेटर आहे. बेलबाई म्हणाली, "ताई, शांत व्हा. बस कुठली, एवढंच सांगा." ती बाई म्हणाली, "बस नंबर..." आणि दिवा लुकलुकला.

बेलबाईने मोबाइलवरून डेपोत फोन करून सगळ्या गाड्यांना सांगायला लावलं. म्हातारबाबा शेवटच्या थांब्यावर सापडले, एका कंडक्टरशेजारी बिस्किट खात बसलेले. पण त्या लेकीने तक्रार केली, की मदत मागितली तर तुमच्या बाईने फोन आपटला. केली ते बरोबरच केलं. बेलबाईनेही तेच केलं असतं.

नियंत्रकाचा फोन आला. आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली थोडा आनंद. "बाई, घरचं इंटरनेट म्हणजे घरची जबाबदारी. यानंतर असा एक जरी कॉल तुटला तर हा प्रयोग बंद. कंपनीकडून लेखी आणा की दोष त्यांचा आहे, तर विचार करू."

"विचार नाही, साहेब. लेखी आणलं तर प्रयोग हा शब्द काढायचा."

"आधी आणा तर खरं."

या खेपेला जो केबलवाला आला तो चाळिशीचा, उंच, सडपातळ, खांद्यावर घडीची शिडी. नणंदेने त्याला पाहताक्षणी नाव ठेवून दिलं, शिडीराव. अर्थात, आला सकाळी.

त्याने मीटर लावलं, मोडेमच्या मागची एक सैल वायर टेपने नीट बांधली. टेप संपताना त्याने शेवटचं टोक दुमडून छोटी शेपटी ठेवली. बेलबाई बघत होती. "ही शेपटी कशाला?"

"पुढच्याला सोलायला सोपं पडतं, ताई. नख मोडत नाही." मग त्याने मीटर तिच्यासमोर धरलं. "बघा, सिग्नल एकदम मस्त. काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. तक्रार बंद करतो."

मागच्या दोन वेळेला हे नव्हतं. लोकांनी बोंब मारली म्हणून कंपनीने आता नियम केला होता: ग्राहकाच्या मोबाइलवर आकडे येणार, ते ग्राहकाने सांगितल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही, आणि तोवर तेच आकडे चालतील.

बेलबाईने मोबाइल उचलला, आकडे बघितले आणि मोबाइल पदराआड ठेवला. "ओटीपी मिळणार नाही."

"ताई, सिग्नल तर..."

"सिग्नल आत्ता मस्त आहे. दुपारी मरतो. दुपारपर्यंत बसा."

शिडीराव हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. "ताई, माझ्या यादीत अजून किती घरं आहेत माहितीये? तुमची तक्रार उघडी राहिली तर माझ्या नावावर लाल शेरा पडतो. लाल शेरे साठले की कामावरून काढतात. मला दोन मुली आहेत."

"मलाही एक नोकरी आहे. ती या वायरीला लटकलीये." तिने खुर्ची पुढे सरकवली. "जबरदस्ती नाही. दार उघडं आहे. जायचं तर जा, पण आकडे माझ्याकडे राहतील."

नणंद चहा घेऊन आली आणि कप त्याच्या हातात देत म्हणाली, "प्या. आमच्या वहिनीने साहेबलोकांना मागच्या दाराने पळवलंय. तुम्ही तर पुढच्या दाराने आलात."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. दोन घरांना फोन करून उशीर होईल म्हणाला. मग त्याच्या सुपरवायझरचा फोन आला. शिडीराव दबक्या आवाजात सांगू लागला, ओटीपी देत नाहीयेत, सर. बेलबाईने हात पुढे केला. त्याने जरा घुटमळून मोबाइल दिला.

"बोला, सुपरवायझर."

"मॅडम, आमच्या माणसाला अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे."

"तो चहा पितोय. चहावर कुठला कायदा आहे ते सांगा, मी वाचते."

"तुम्ही ओटीपी द्या, काही झालं तर नवीन तक्रार नोंदवा."

"नवीन नोंदवली की जुनी सुटली असं मोजता तुम्ही. मग नवीनवर नवीन माणूस येतो, तो पण सकाळी. तुमच्या माणसांनी माझ्या नणंदेच्या मशीनला आरोपी केलं, उद्या मला कराल."

नणंदेने मशीनवरून मान हलवली. सुपरवायझरने फोन ठेवला.

ऊन घरात येत नव्हतं, पण मागच्या गल्लीत ते कुठवर आलंय हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळायचं. बेलबाई फोन घेत होती, प्रवाशांशी बोलत होती. शिडीराव मीटर मोडेमला लावून आकड्यांकडे बघत बसला. आधी कंटाळून, मग जरा सावध होऊन. मागच्या भिंतीवर ऊन तिरपं चढलं आणि मीटरवरचा आकडा हलकेच घसरला. पुन्हा घसरला. शिडीराव वाकून बघू लागला. दिवा लुकलुकला आणि बेलबाईच्या कानात विसरलेल्या डब्याबद्दल बोलणारा माणूस गप्प झाला.

तिने कानावरचा फोन काढून टेबलावर ठेवला. "ऐकलंत?"

"काहीच ऐकू आलं नाही."

"तेच."

तिने मोबाइलवरून त्या डबा विसरलेल्या माणसाला फोन केला, माफी मागितली, डब्याचं वर्णन लिहून घेतलं. तो भला निघाला, तक्रार करणार नाही म्हणाला. पण आज भला भेटला. उद्याचं काय?

शिडीरावाला आता सांगावं लागलं नाही. त्याने शिडी उचलली आणि मागच्या गल्लीत गेला. वायर जिथून घरात शिरते तिथे भिंतीवर उंच कंपनीचा डबा होता. भिंत तापून तवा झालेली. तो वर चढला. बेलबाई कुबडी टेकत मागोमाग आली आणि एका हाताने शिडी धरून उभी राहिली. नणंद खिडकीत.

त्याने डबा उघडून आत वाकून बघितलं. काहीतरी सोललं, आणि ते खिशात टाकलं.

"खिशात काय टाकलंत?" बेलबाईने खालून विचारलं.

"कचरा, ताई."

"मी आयुष्यभर गर्दीत लोकांचे खिसे बघत उभी राहिलेय. दाखवा."

तो खाली उतरला. खिशातून काळ्या टेपचा चुरगळलेला तुकडा काढला. टोकाला दुमडलेली शेपटी होती.

बेलबाईने ती शेपटी पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला असूनही तो पांढरा पडला होता.

"मीच केलंय हे," तो म्हणाला. "हिवाळ्यात, गल्लीतल्या गल्लीत. घरात आलोच नव्हतो. बाहेर ऊन-पाण्यात टिकणारा कनेक्टर लागतो, तो मागितला होता. सुपरवायझर म्हणाला, संपलेत, आतला बसव आणि टेप मार, मागाहून बदलू. मागाहून कोण येतंय? आत गंज चढलाय. ऊन लागलं की धातू हलतो, सांधा सुटतो. संध्याकाळी गार झालं की परत चिकटतो."

बेलबाईने त्याला जे सुनावलं ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. राखाडी स्वेटर घातलेला म्हातारा त्यात होता, त्याची रडणारी लेक होती, नणंदेची चाळण झालेली बोटं होती. शिडीराव ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडे एक चांगला कनेक्टर आहे, ताई. जपून ठेवलेला. आत्ता बसवतो, परत कधी जाणार नाही. फक्त तक्रारीखाली मी लिहितो, घरातली वायर सैल होती, दुरुस्त केली. कुणाला त्रास नाही."

"मला आहे." तिचा आवाज आता खाली आला होता, आणि खालचा आवाज जास्त वाईट होता. "तुम्ही 'घरातली वायर' लिहिलंत की आमचा नियंत्रक म्हणणार, बघा, घरून काम होत नाही. मी जाईन, आणि माझ्यामागे उभे आहेत तेही जातील. खोटं लिहायचं नाही."

"खरं लिहिलं तर मी जातो."

 खिडकीतून नणंद म्हणाली, "वहिनी, याने टेप मारली ती कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारा ना कुणाला तरी."

बेलबाईने नणंदेकडे पाहिलं आणि हसली. भावजयीला नणंदेचं कौतुक वाटावं असे प्रसंग फार येत नाहीत. तिने हा वाया घालवला नाही. "वन्सं, तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या."

"पडदे कोण शिवणार मग."

बेलबाई शिडीरावाकडे वळली. "भाऊ, एक सांगा. संध्याकाळपर्यंत तक्रार बंद झाली नाही तर ती कुठे जाते?"

"माझ्या नावावर..."

"तुमच्या नावावर संध्याकाळपर्यंत. नंतर?"

त्याला माहीत नव्हतं. कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिला मात्र अंदाज होता, कारण तिच्या डेपोतही हाच नियम आहे आणि तिथेही खालच्या माणसाला तो कुणी सांगत नाही. तिने आवाज मोठा करून कंपनीला फोन लावला. संगीत, मशीन, मग एक मुलगी. बेलबाईने विचारलं. मुलीने बघून सांगितलं, "मॅडम, त्या दिवशी बंद न झालेली तक्रार सुपरवायझरच्या नावाने विभागीय अधिकाऱ्याकडे जाते. कारणासकट."

"आणि माणसाचा लाल शेरा?"

"तो निघतो, मॅडम. मग जबाबदारी सुपरवायझरची."

शिडीराव तोंड उघडं ठेवून ऐकत होता. इतकी वर्षं तो लोकांच्या दारात ओटीपीसाठी हात जोडत होता, आणि त्यातून तो स्वतःला नाही, सुपरवायझरला वाचवत होता.

मग बेलबाईने सुपरवायझरला फोन केला, शिडीरावाच्या मोबाइलवरून, आवाज मोठा करून. "मीच. बिघाड सापडला. तुमच्या डब्यात, घराच्या बाहेर. बाहेरचा कनेक्टर हिवाळ्यात का नव्हता?"

"त्याने चुकीचं काम केलं असेल, त्याच्यावर कारवाई..."

"मी त्याच्याबद्दल विचारलं नाही. कनेक्टरबद्दल विचारलं. तुमचे कॉल दर्जा राखण्यासाठी रेकॉर्ड होतात ना? मग दर्जा राखून उत्तर द्या."

सुपरवायझर खाकरला. "साठा उशिरा आला होता."

"हेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. बिघाड कंपनीच्या बाहेरच्या जोडणीत, साहित्याअभावी. ग्राहकाच्या घरात दोष नाही."

"पाठवतो. मग ओटीपी द्या."

"मेसेज खरं बोलण्यासाठी. ओटीपी काम झाल्यावर. त्यांची गल्लत करू नका."

"कनेक्टर आत्ता बसवतोय ना तो?"

"बसवेल. उद्या दुपारी ऊन भिंतीवर येईल, उतरेल, आणि तोवर लाइन टिकली तर आकडे मिळतील."

"उद्यापर्यंत तक्रार वर जाईल, मॅडम."

"जाऊ द्या. वरच्यांनाही कळू दे, खाली ऊन किती आहे."

मेसेज आला. तुटक शब्दांत, एक चूक शुद्धलेखनाची, पण आला. तिने तो जसाच्या तसा नियंत्रकाला पाठवला. शिडीरावाने कनेक्टर बसवला, आणि वरून टेप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. मीटर मांडीवर घेऊन दारालगत बसला. ऊन भिंतीवर चढलं. नियंत्रक त्या वेळी मुद्दाम तिच्या लाइनवर ऐकत बसला होता, हे बेलबाईला माहीत होतं. वर्कशॉपमधून नवऱ्याने कळवलं होतं.

फोन वाजला. एक गृहस्थ कंडक्टरांवर तोंडसुख घेण्यासाठीच जन्माला आले होते. कंडक्टर उद्धट असतात, घंटी लवकर मारतात, बायका तर विचारूच नका. एरवी बेलबाईने असल्या माणसाला दोन वाक्यांत थांब्यावर उतरवलं असतं. आज ती म्हणाली, "बोला, सावकाश बोला. अजून काय केलं त्या कंडक्टरने?" ते बोलत राहिले. बोलतच राहिले. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. नणंदेने मशीन जोरात चालवलं, मुद्दाम. शिडीरावाने मीटर वर धरलं. आकडा हलला नव्हता.

"आणि त्या बाया घंटी एवढ्या जोरात का मारतात?" गृहस्थांनी विचारलं.

"बस पुढे जावी म्हणून, साहेब. दुसरं काही नाही. तक्रार नोंदवली आहे."

मागच्या भिंतीवरचं ऊन उतरलं. बेलबाईने मोबाइल काढला आणि शिडीरावाला एकेक आकडा सांगितला. त्याने दाबला, तक्रार बंद झाली. मग तिने नियंत्रकाचा नंबर फिरवला.

"साहेब, ऐकलंत ना सगळं? आता एक काम करा. त्या मणकेवाल्या कंडक्टरचा कंप्युटर कधी पाठवताय ते सांगा. आणि त्याच्या कागदावर 'प्रायोगिक' लिहू नका, नाहीतर मी खुर्ची घेऊन परत येईन."

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं.  बेलबाईने वाट बघत बोटाच्या पेराने टेबलावर टकटक केलं, दोनदा.